गणपतीची रजा

“आता सरांच्या केबिनची वाट विसर, अक्षया,” हिराकाकी म्हणाली, तेव्हा अक्षया गाऊनच्या घड्या घालत होती. तिनं हातातला गाऊन झटकला, बाहीवर बाही आणली, हनुवटीखाली धरून घडी पुरी केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. “हूं,” म्हणाली. हिराकाकी मिरकरवाड्याची, या कपड्यांच्या बझारात कामाला सगळ्यांत जुनी. सल्ला दिल्याशिवाय तिला चहा पचत नसे. तिच्या सल्ल्याला ‘हूं’ म्हणायचं आणि पुढची घडी घ्यायची, हे अक्षयानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

खालून आम्रपालीची हाक आली. “या गो सगळ्या! शटर वर जायच्या आत उरकू.”

बावीस जणी कॅश काउंटरपाशी जमल्या. काउंटरवर गोळ्यांची रिकामी बरणी, बरणीत बावीस चिठ्ठ्या. निम्म्यांवर ‘आधी’ लिहिलेलं, निम्म्यांवर ‘नंतर’. ‘आधी’ निघेल तिला गणपती यायच्या आदल्या दिवसापासून गौरी जाईपर्यंत रजा. ‘नंतर’वालीला तेवढेच दिवस, पण गौरी गेल्यावर. आम्रपालीनं बझारात संघटना उभी केल्याला आठ महिने झाले होते आणि त्यानंतरचे हे पहिले गणपती. त्याआधी गणपतीची रजा मॅनेजर संदेश सर द्यायचे. कोणाला, किती, ते त्यांच्या मनावर. जिला मिळायची ती केबिनमधून तोंडावर हात ठेवून बाहेर यायची आणि बाकीच्या तिच्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

अक्षयाला ‘आधी’ हवं होतं. तिचा नवरा, दीपक, मुंबईला एका गोदामात कामाला. वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि गणपतीला. मे महिन्यात आला तेव्हा दिशा त्याच्याकडे जाईना. अडीच वर्षांची पोर. बापानं उचललं की पाठ ताठ करायची आणि आईकडे हात लांब करून रडायची. “गणपतीत येईल बघ माझ्याकडे,” दीपक निघताना हसून म्हणाला होता, पण एसटी वळेपर्यंत त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला नव्हता. पावस गावी सासरच्या घरी गणपती बसायचा तो गौरीबरोबर जायचा, आणि दीपकची रजाही तेवढीच. त्या दिवसांत आपण इथे रत्नागिरीत गाऊनच्या घड्या घालत बसलो, तर दिशा आजीकडे एकटी राहणार नाही आणि आपल्याशिवाय बापाच्या मांडीवर बसणार नाही, हे अक्षयाला दिसत होतं.

तिनं बरणीत हात घातला. बोटांना लागली ती सोडून तळाची चिठ्ठी उचलली. ‘नंतर’.

शेवटची चिठ्ठी आम्रपालीची. तिनं उघडून सगळ्यांना दाखवली. ‘आधी’.

“घ्या!” सलोनी टाळी वाजवून म्हणाली. “ज्यांच्याकडे गणपती नाय त्यांनाच बाप्पा पावला!”

सगळ्या हसल्या. आम्रपालीही हसली. “बाप्पाला ठाऊक आहे गो, पाच वर्षं त्याच्या दिवसांत दुकान कोणी ओढलंन ते.”

ते खरंच होतं. पाच वर्षं गणपतीत ती एकटी खालच्या मजल्यावर उभी राहिली होती. ‘तुमच्याकडे गणपती नसतो, तुम्हाला कशाला रजा?’ हा सरांचा ठरलेला शब्द. आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं चौदा तारखेची सुट्टी मागितली, तेव्हा सर कॅलेंडरकडे न बघताच म्हणाले, ‘लग्नसराई आहे.’ चौदा तारखेला ती पांढरी साडी नेसून कामावर आली आणि सोळाला शहरातल्या कामगार संघटनेच्या ऑफिसात जाऊन बसली.

“कोणाला बदलून हवं असेल तर दोघींनी या फॉर्मवर सही करायची,” आम्रपाली आता सांगत होती. “शनिवारपर्यंत माझ्याकडे द्यायचा. सरांची परवानगी लागत नाही.”

संदेश सर बाजूला वही घेऊन उभे होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. शटर वर गेलं.

आठ महिन्यांत बझार किती बदलला हे अक्षयाइतकं कोणी बारकाईनं पाहिलं नसेल. काउंटरमागे स्टुलं आली. संध्याकाळी निघताना दारात पिशव्या उघडून दाखवणं बंद झालं. पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागला. सर पूर्वी जिन्यावरून ‘ए गाऊनवाली’ अशी हाक मारत, ते आता नाव घेऊन बोलत, आणि आम्रपालीला तर ‘मॅडम’ म्हणत. ती केबिनमध्ये गेली की खुर्ची देत. काचेतून दिसायचं. आम्रपाली खुर्चीत टेकून बसायची, कडेवर नाही. आणि सर पुढे वाकून बोलायचे. अक्षया त्या वेळी गाऊनचे आकार पाहत असायची. एल, एक्सएल, एल. तिचं बीकॉम झालं होतं, पहिल्या वर्गात. आम्रपाली बारावी.

आणि एक गोष्ट होती जी तिनं कोणाला सांगितली नव्हती. दिशा चार महिन्यांची असताना सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून हळूच म्हटलं होतं, “दुपारी अर्धा तास घरी जाऊन या. बाळाला पाजून या. पण कोणाला सांगू नका, नाहीतर सगळ्याच रांग लावतील.” वर्षभर ती मागच्या दारानं जायची आणि मागच्या दारानं यायची. त्या अर्ध्या तासानं तिला बझारात आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. संघटनेचा करार झाला, आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत प्रत्येकीला हा अर्धा तास मिळाला. सलोनीचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. ती पुढच्या दारानं, वॉचमनला हात करून, मोठ्यानं “आले रे!” म्हणत बाहेर पडली, तेव्हा अक्षयाला आपल्या पेटीतलं काहीतरी कोणीतरी चौकात वाटून टाकल्यासारखं झालं. सलोनीवर तिचा राग नव्हता. राग आम्रपालीवर होता.

शुक्रवारी दुपारी डबे उघडले होते. वरच्या गोदामात, खोक्यांवर बसून.

“ताई, खरं सांगा,” सलोनीनं आम्रपालीला विचारलं, “गणपती नाय, गौरी नाय. इतक्या रजेत करणार काय तुम्ही?”

“झोपणार.”

“सगळे दिवस?”

“एक दिवस भाट्याला जाईन. वाळूत बसेन. कोणी कपडे दाखवा म्हणालं नाय म्हणजे झालं.”

हशा पिकला. हिराकाकीला ठसका लागला. अक्षयानं डब्याचं झाकण उलटं लावलं, काढलं, सरळ लावलं. झोपणार. आपण इथे मरतोय आणि ही झोपणार.

“तुझं काय ठरलं, अक्षया?” आम्रपालीनं विचारलं. आवाज साधा होता. तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली नाही, हातातच धरली.

“माझं काय ठरायचंय,” अक्षया म्हणाली. “चिठ्ठी निघाली ती निघाली.”

“दीपक येतोय ना?”

“येतोय.”

आम्रपाली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं बाटली तोंडाला लावली. गोदामातून उतरताना जिन्यात दोघीच होत्या. अक्षया दोन पायऱ्या पुढे झाली. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मला बदलून देशील का’. पण ते हिच्यापुढे? केबिनमध्ये खुर्चीत टेकून बसणाऱ्या हिच्यापुढे? आणि नाही म्हणाली तर? अख्ख्या बझारासमोर ही गोष्ट होईल, ही चहाच्या वेळी सांगेल आणि सगळ्या पुन्हा हसतील. सरांकडे मागताना अक्षयाची मान कधी अशी ताठ झाली नव्हती. सर ते सर. त्यांच्यापुढे खाली वाकण्यात काही गेल्यासारखं वाटत नसे.

शनिवारी सकाळी ती केबिनच्या दारावर टकटक करून आत गेली.

संदेश सर एकटेच होते. समोर मुख्य ऑफिसातून आलेल्या कागदांची चळत. ते पूर्वीपेक्षा थकलेले दिसत होते. “बसा,” म्हणाले, पण अक्षया बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. दीपक, दिशा, पावसचं घर.

“पूर्वी असतं तर मी आत्ता सही केली असती,” सर म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या हातात ठेवलंय काय त्यांनी? चहाची वेळसुद्धा भिंतीवर लिहिलेली.” त्यांनी पेन टेबलावर आपटलं नाही, नीट टोपण लावून ठेवलं. “ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांना नंतर, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना आधी. हे तुम्हाला पटतं?”

“नाही, सर.”

“मग तसं लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. मी वर पाठवतो.”

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. अक्षयानं लिहिलं. शब्द आपोआप आले; कितीतरी दिवस आत तयार होऊन बसले होते जणू. ‘ज्यांच्या घरी गणपती बसत नाही अशा कर्मचाऱ्यांना गणपतीच्या चिठ्ठीत धरणे हे इतरांवर अन्यायकारक आहे.’

“इतरांचंही असंच मत आहे, असं घाला,” सर म्हणाले. “असणारच ना?”

तिनं क्षणभर काचेतून खाली पाहिलं. आम्रपाली स्टुलावर बसून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला टॉवेल उलगडून दाखवत होती. अक्षयानं तेही वाक्य घातलं आणि सही केली.

मंगळवारी भिंतीवर नवा कागद लागला. कर्मचाऱ्यांच्याच लेखी हरकतीमुळे चिठ्ठीची पद्धत स्थगित. गणपतीची रजा यंदा व्यवस्थापनाच्या अधिकारात. सीझन लक्षात घेता रजा फक्त सहा जणींना. खाली सहा नावं. चौथं अक्षयाचं. आम्रपालीचं नव्हतं. हिराकाकीला चिठ्ठीत ‘आधी’ निघालं होतं, तिचंही नव्हतं.

“कोणाची हरकत गो?” सलोनी कागदाला नाक लावून वाचत होती. “आपल्यात कोणी लिवलंन?”

अक्षया वरच्या मजल्यावर निघून गेली. त्या दिवशी तिनं एकच रॅक तीनदा लावला.

पावसला सगळं जसं हवं होतं तसं झालं. दीपक आदल्या संध्याकाळी आला. पहिले दोन दिवस दिशा अक्षयाच्या मागे लपून त्याच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी दीपक गणपतीवरच्या माटवीची सुटलेली कवंडळं, ती रानफळं, पुन्हा बांधत होता, आणि ती खालून एकेक उचलून त्याला देऊ लागली. आरतीच्या वेळी अक्षयानं टाळ्या वाजवता वाजवता मागे पाहिलं, तर पोर बापाच्या खांद्यावर चढून बसली होती आणि त्याचे केस धरून डुलत होती. दीपकनं डोळे मिटले होते. तो आरती म्हणत नव्हता.

“यंदा रजा कशी मिळाली गो सगळ्या दिवसांची?” सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, मोदकाच्या पारीला मुरड घालत विचारलं.

“सरांनी दिली.”

“बरा आहे हो तुझा सर.”

“होय,” अक्षया म्हणाली. तिच्या हातातली पारी फाटली. तिनं ती पुन्हा मळली, पुन्हा थापली. त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही. दीपकनं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली. घरात गणपती होता, पोरगी बापाच्या अंगावर खेळत होती आणि सारखा डोळ्यांसमोर येत होता तो बझारातला खालचा मजला. गर्दी असेल आज. उभं राहायलाही जागा नसेल.

रजा संपवून ती परतली, तेव्हा टॉवेलच्या काउंटरवर सलोनी होती.

“ताई कुठे?” अक्षयानं विचारलं.

सलोनीनं तिच्याकडे न बघता भिंतीकडे मान केली. तक्त्याशेजारी टाइप केलेला कागद होता. आम्रपालीची बदली खेडच्या शाखेत, तातडीनं, प्रशासकीय कारणास्तव. ‘सहकाऱ्यांच्या लेखी तक्रारीत नमूद केल्याप्रमाणे’ असं म्हणून पुढे अख्खं वाक्य छापलं होतं. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही. अक्षयानं ते दोनदा वाचलं. टाइप केलेल्या अक्षरांत ते दुसऱ्या कोणाचं वाटत होतं, आणि तरी तिचंच होतं.

दुपारी ती डबा न घेता गोदामात गेली. हिराकाकी एकटीच खोकी मोजत होती.

“संघटना काही करत नाही?” अक्षयानं विचारलं.

“करतायत. वकील बघतायत. होईल तेव्हा होईल.” हिराकाकीनं मोजणं थांबवलं नाही. “गौरीच्या दिवशी तिनं सरांकडे हरकतीचा कागद मागितलान. सरांनी सही झाकून दाखवलान. तिनं बघितलान आणि परत दिलान. अक्षर ओळखलंन तिनं. पाळ्यांचा तक्ता तूच लिहून द्यायचीस ना सुरुवातीला.”

अक्षया खोक्याला टेकली. “काय म्हणाली?”

“काय नाय.”

“काहीच नाही?”

हिराकाकीनं आता तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “तुला फॉर्मचं ठाऊक होतं ना गो? दोघींनी सही केली की बदलून मिळतं ते?”

“होतं.”

“चिठ्ठ्या निघाल्या त्याच दिवसापासून फॉर्म भरून ठेवला होतान तिनं ड्रॉवरमध्ये. तिची सही करून. तुझी जागा रिकामी.”

खालून कोणीतरी हिराकाकीला हाक मारली. ती हलली नाही.

“मग दिलान का नाही?” अक्षयानं विचारलं, “मला दिला का नाही?”

“मी पण हेच म्हटलं तिला. म्हटलं, जा, दे, पोरगी झुरतेय. तर म्हणाली, न मागता, उपकार केल्यासारखं दिलं तर मी आणि संदेश सर सारखेच की गो, काकी. तिला मागू दे. शेजारणीकडे मागावं तसं. शनिवारी संध्याकाळी शटर पडेपर्यंत थांबली होती बघ.”

शनिवारी संध्याकाळी. अक्षयाला आठवलं. ती निघाली तेव्हा आम्रपाली टॉवेलच्या घड्या घालत होती, पुन्हा पुन्हा त्याच. “निघालीस?” म्हणाली होती. अक्षया पिशवी खांद्याला लावून, “हूं,” म्हणून पुढे गेली होती. सकाळीच सगळं मिळवून ठेवलं होतं तिनं. थांबायची तिला गरज नव्हती.

तिनं त्या संध्याकाळी आम्रपालीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. माफी मागायची तर काय म्हणून मागायची, ते वाक्य काही जमेना, आणि तिचं अक्षर इथे उपयोगाचं नव्हतं. दिवाळीचा माल आला. संदेश सरांनी एकदा जिन्यावरून “ए गाऊनवाली” अशी हाक मारली, आणि मग जीभ चावून हसले, “अहो, अक्षया.” पुढच्या खेपेला हसले नाहीत.

आता तिनं एक सुरू केलंय. गिऱ्हाईक बाहेरगावचं वाटलं, पिशवी मोठी असली, सारखं घड्याळ बघत असलं, की ती गाऊन उलगडता उलगडता विचारते, “कुठल्या तुम्ही?” चिपळूण म्हणाले तर पुढे काही बोलत नाही. पण खेडचं कोणी निघालं, किंवा त्या बाजूनं जाणारं, तर तिचे हात थांबतात. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही ती विचारेल.

“तिथं आमची शाखा आहे. एसटी स्टँडपासून लांब नाही. खालच्या मजल्यावर आम्रपाली म्हणून एक असेल, उंच, सावळी. बरी आहे का बघाल? राहायची सोय झालीय का, जेवते का वेळेवर. एवढंच बघून या. मी विचारलंय असं…”

इथे ती अडते. गिऱ्हाईक पिशवी उचलून वाट बघत राहतं.

“सांगा,” ती म्हणते. “मी विचारलंय म्हणून सांगा.”